मुद्दाम सोडलेला टाका

चि. धाकटीस थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे रुसलेत, पण जेवायच्या वेळी बरोबर उठतात. (पत्र नात लिहितेय. कानात बोळे घालून लिही म्हटलं, तर तसं जमत नाही म्हणे.)

वर्ष संपता संपता हिच्या शाळेनं नवी टूम काढली. मुलींनी मिळून असा प्रकल्प करायचा की सगळे विषय एकाच पातेल्यात शिजले पाहिजेत, आणि बाईंनी किंवा घरच्यांनी ढवळायचं नाही. नातीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मफलर विणून मधे एक टाका मुद्दाम सोडला. खाली वजनं टांगून टाके सुटत भोक किती पळतं ते गणित, का पळतं ते विज्ञान, मला विणायला कोणी शिकवलं तो इतिहास (सासूबाईंनी, कसं शिकवलं ते सांगितलं नाही, मुली लहान आहेत), आणि हे सगळं नीट लिहिणं म्हणजे भाषा. भोक मुद्दाम आहे, एवढंच तेवढं मला कोणी सांगितलं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मुली पुठ्ठा आणायला गेल्या. टेबलावर मफलर, त्याला टाचलेली चिठ्ठी. चिठ्ठी माझ्या काय कामाची? ती बाजूला केली तर खाली भोक. आता भोक आणि मी एका खोलीत नांदत नाही, हे तुला ठाऊक आहे. क्रोशाच्या सुईनं टाका असा वर आणला की उजेडात धरूनही कळू नये. चिठ्ठी परत टाचली. (तिच्यावर ‘हात लावू नये’ लिहिलं होतं म्हणे.)

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये वजन टांगलं. मफलर ढिम्म. दुसरं टांगलं, तरी ढिम्म. मैत्रिणी रडकुंडीला आल्या, बाई चष्मा सावरताहेत, मी छताचा पंखा बघतेय. वर्षाचे गुण त्या भोकावर होते गं. नातीनं विणीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, “भोक आजीनं बुजवलंय. आम्हाला इतकं चांगलं येत नाही.”

मान खाली घालावी की ताठ करावी, मला कळेना. दोन्ही करून पाहिलं. बाई हसल्या आणि आठ दिवस दिले. म्हणाल्या, आता मुद्दाम सोडलेला नको, खरोखर चुकलेला टाका आणा, जुना, वापरातला.

बाकी सगळं छान. तब्येतीला जप.

तुझी थोरली

ता. क. लग्नानंतर तू तुझ्या ह्यांच्यासाठी विणलेला स्वेटर ताबडतोब पाठव. मुलींना एकच चूक हवीय. म्हटलं, हवी ती निवडा. धुऊन पाठव, पण दुरुस्त करू नकोस. तुला तसंही येत नाही.

ता. क. (हे आजीनं सांगितलेलं नाही.) मावशीआजी, पार्सल घरी नको, शाळेच्या पत्त्यावर पाठव.