तारेच्या अलीकडे

इस्लापूर
२० ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आजोबांस शांतवनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की चहाच्या गाड्यावरची माणसं बघतात, म्हणून पत्र. सध्या बोअरच्या गाडीवर हाय. परवा एका शेतमालकानं तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणी शोधलं. नारळ उभा राहिला, आम्ही तीनशे फूट गेलो, नुसता फुफाटा! मग सहस्रकुंडाचा धबधबा बघत बसलो तर गाडी मला सोडून निघून गेली. सात किलोमीटर चालत आलो. हां, मुद्दा राहिलाच.

सरकारी भरती निघालीय. फॉर्म नांदेडला द्यायचा, शेवटची तारीख ३० सप्टेंबर. कागदावर हिंदू असलं तर आपल्या जातीची सवलत मिळते, ख्रिस्ती म्हटलं की गेली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाबांनी हिंदूच लिहून ठेवलंय. आता घरातल्या वडीलधाऱ्याचं शपथपत्र पाहिजे, की आमचं घर कधी ख्रिस्ती झालंच नाही. बाबा तर राहिले नाहीत, म्हणजे तुम्हीच. सगळेच करतात असं मित्र म्हणतात. कागदाचं काय, देवाला तर माहीत हाय.

विष्णुपुरीच्या खाणावळीच्या पत्त्यावर पाठवा, आमची गाडी फिरून फिरून तिथंच येते. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमचा,
शांतवन


गावाकडून, ता. चाकूर
२ सप्टेंबर २०२४

चि. शांतवन यास प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

‘शि. सा. न.’ कुठल्या वहीतून उतरवलंस? आपल्या घरात सलाम लिहितात. तुझी आजी पार्वतीबाई असती तर पहिल्या ओळीवरच पत्र मिटून परत पाठवलं असतं. आणि सात किलोमीटर चाललास म्हणजे उपकार नाहीत. तुझे पणजोबा चाकुरापर्यंत अनवाणी जायचे.

त्यांची एक गोष्ट आज लिहून ठेवतो. रझाकारांच्या वेळी मी आठ वर्षांचा. अप्पा प्रार्थनाघरात पोरांना शिकवायचे. एकच खोली. त्या खोलीत त्यांनी गावातली पाच घरं नऊ दिवस लपवली. आपल्या शेजारच्या व्यंकटचा आजा त्यातच होता. पुढं निजामाचं राज्य गेल्यावर गावानं पंचांच्या समोर गायरानाचा कोपरा आपल्याला दिला, माणसं पुरायला. कागद केला नाही. शब्द होता.

दुसऱ्या वर्षी दिल्लीत घटना लिहिणं चालू होतं. अप्पा जुनं वर्तमानपत्र आणून वाचून दाखवायचे. ज्यानं त्यानं आपला धर्म मानावा, पाळावा, दुसऱ्याला सांगावा, असं त्यात येणार होतं. आणि आपल्या पुढाऱ्यांनी कौन्सिलातल्या राखीव जागा आपणहून सोडल्या, शेजाऱ्यांवर भरवसा आहे म्हणाले. त्या दिवशी अप्पांनी गल्लीत गूळ वाटला. देशाच्या पायात आपलाही एक दगड बसला, असं ते मरेपर्यंत सांगायचे.

तुझं शपथपत्र सोबत आहे. पस्तीस वर्षं हजेरीपटावर सह्या केल्या, हात कधी थांबला नाही. काल थांबला. देवाला माहीत आहे म्हणतोस. त्याला माहीत असताना सही केली, तेच जड गेलं. पण तू बोअरच्या धुळीत जन्म काढावास असं मला वाटत नाही. सोबत रहिवासी दाखला लागतो म्हणून सरपंच शेषेरावकडे गेलो. त्यानं शपथपत्राची एक झेरॉक्स पंचायतीत ठेवून घेतली.

गायरानावर सोलारच्या पाट्या बसणार आहेत. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपला कोपरा ख्रिस्ती दफनभूमी म्हणून नोंदवा, असा अर्ज मी उन्हाळ्यातच दिलाय. बाकीची घरं पुण्या-मुंबईला गेली, आता आपणच उरलो. तुझ्या आजीच्या उजव्या हाताची जागा माझी आहे. तिला तसं सांगून ठेवलंय.

फॉर्म वेळेवर दे. वाटेत काही बघत बसू नकोस.

तुझा आजा,
ज्ञानोबा


गावाकडून
४ ऑक्टोबर २०२४

चि. शांतवन यास प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

ग्रामसभा झाली. मला ऐकू येत नाही म्हणून व्यंकट शेजारी बसून पाटीवर लिहून दाखवत होता. माझा अर्ज वाचला. मग शेषेरावनं ती झेरॉक्स काढली. तो वाईट नाही, माझाच विद्यार्थी. मान खाली घालून म्हणाला, मास्तर, तुमच्याच शपथेवर तुमच्या घरात कोणी ख्रिस्ती नाही. मग गावात ख्रिस्ती कोण? दफनभूमी कुणाच्या नावानं नोंदवू?

व्यंकटनं एवढं लिहिलं आणि पाटी माझ्याकडे केली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आम्ही ख्रिस्ती आहोत, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. पण बोललो तर शपथपत्र खोटं ठरणार आणि तुझा फॉर्म जाणार. मी पाटी पुसली आणि गप्प बसलो. हात वर झाले, सगळं गायरान सोलारला द्यायचा ठराव झाला. दिवसा वीज सगळ्यांनाच पाहिजे, त्यांचं काही चुकलं नाही.

आजीकडे जाऊन आलो. काय झालं ते तिला सांगितलं नाही.

तू नोकरीला लागलास की पहिल्या सुट्टीत ये. लोभ असू दे.

ज्ञानोबा


विष्णुपुरी
१९ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आजोबांस प्रभूमध्ये सलाम.

पत्र आठ दिवस उशाखाली होतं. तुमची दोन्ही पत्रं रोज वाचून राहिलो. आता लिहितो.

मी फॉर्म दिला नाही. तीस तारखेला सकाळी कागद घेऊन नांदेडला निघालो होतो, खरंच. धरणाचे दरवाजे उघडलेत असं कोणीतरी म्हणालं. म्हणलं पाच मिनिटं बघू. गोदावरी लई भरलेली. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, त्याच्याशी बोलत बसलो. त्याला एक भलामोठा मासा लागला, तो ओढायला हात लावला. ऑफिसात पोचलो तर खिडकी बंद.

तुम्ही गप्प बसलात त्याच्या दोन दिवस आधीच मी सगळं घालवलं होतं. तेव्हाच कुणाच्या तरी फोनवरून व्यंकटकाकाला कळवलं असतं तर तुम्ही बोलला असता. लाजेनं कळवलं नाही. फोनही पाण्यात पडलाय. पोरांच्या हातून चुका होतात असं म्हणू नका आजोबा, शिव्या द्या.

पगार झाला की येतो. तुमचा म्हणवायची लाज वाटतेय, तरी तुमचाच,
शांतवन


गावाकडून
११ नोव्हेंबर २०२४

चि. शांतवन यास व्यंकटकाकाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन वीस वेळा लावला. बोअरच्या मालकाला विचारलं, तो म्हणे गाडी तेलंगणात गेलीय. शेवटी पत्रच लिहितो. मन घट्ट कर. मास्तर सहा तारखेला सकाळी गेले. अंगणात खुर्चीवर बसल्या जागी.

तुझं पत्र दिवाळीत अडकून आदल्या दिवशीच त्यांना मिळालं होतं. मी तिथंच होतो. वाचून आधी डोळे पुसले, मग हसले. म्हणाले, व्यंकट, आता माझ्या तोंडाला कुलूप नाही रे. काठी घेतली आणि तसेच पंचायतीत गेले. मी ख्रिस्ती आहे, माझा बाप ख्रिस्ती होता, ती सही खोटी आहे, असं सगळ्यांसमोर म्हणाले. शेषेराव रडला. पण ठराव वर गेलेला, तारेचं कुंपण झालेलं. मास्तर, उशीर झाला, म्हणाला.

मास्तर गेले त्या दिवशी, पुरायला आत सोडा म्हणून लई विनवण्या केल्या. ठेकेदाराची माणसं वरचा हुकूम दाखवा म्हणाली. माझं शेत कोपऱ्याला लागूनच हाय. बांधावर, जेवढं तारेजवळ जाता येईल तेवढं जाऊन खड्डा घेतला. लातूरहून पाद्रीबाबा आले, प्रार्थना झाली. पार्वतीकाकू तारेच्या पलीकडं, मास्तर अलीकडं. मधे दोन हात असतील. उजवी बाजूच हाय, तेवढं सांभाळलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. ग्रामसभेत मीपण हात वर केला होता. माझा आजा नऊ दिवस कुठं लपला होता, हे मला माहीत असून. तू आलास की बांधाची ती जागा तुमच्या घराच्या नावानं कागदावर करून देतो. शब्दावर ठेवत नाही.

त्यांच्या वहीत तुला लिहायला घेतलेलं पत्र सापडलं. जसं होतं तसं सोबत देतो.

तुझा,
व्यंकटकाका


चि. शांतवन यास प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फॉर्म राहिला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मासा केवढा होता ते मात्र तू लिहिलं नाहीस. वेळेवर पोचला असतास तर मी गप्पच गेलो असतो. काल पंचायतीत बोललो. मला ऐकू येत नाही, म्हणून आवाज फार मोठा झाला असेल. आता येशील तेव्हा एवढं कर, तारेपाशी उभा राहून तुझ्या आजीला सांग, की मी