दाजींच्या हाताचं माप

मिरजगाव, ता. कर्जत
११ फेब्रुवारी १९७१

ती. राधाकृष्ण दाजींना जालिंदरचा दंडवत (लांबूनच, कारण जवळ येऊन घालायची छाती नाही).

हे पत्र मी तीन महिन्यांपासून लिहितो आहे. म्हणजे खरं सांगायचं तर लिहीत नव्हतो. पहिल्या महिन्यात इनलँड आणलं, त्यावर छगनने सायकलची तेलकट चेन ठेवली. (छगन म्हणजे माझा इथला दोस्त, हमरस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान आहे, मी सध्या तिथेच पडून असतो.) दुसऱ्या महिन्यात दुसरं आणलं, त्यावर 'ती. दाजींना' एवढं लिहून झालं, आणि तेवढ्यात कोणाचा तरी सुटलेला रेडा दारावरून गेला. मी त्याच्यामागे धावलो. रेडा माझा नव्हता, ओळखीचाही नव्हता, पण पत्र लिहिण्यापेक्षा सोपा वाटला. त्या नादात आष्टीकडे चार दिवस राहून आलो. रेडा सापडला की नाही ते विचारू नका, कारण दुसऱ्या दिवसापासून मी त्याला शोधतच नव्हतो.

आधी तब्येतीचं विचारायचं राहिलं. काट्यावर उसाच्या गाड्यांची धूळ फार, तेव्हा तुमचा खोकला वाढला नसावा. आक्काची कंबर कशी आहे? माझी तब्येत उत्तम आहे, भूक लागते, झोप लागते, आणि याचीच लाज वाटते. एवढं करून माणसाला निदान दोन दिवस ताप तरी यायला हवा होता. हे पत्र घरी न धाडता काट्यावर धाडतो आहे ते आक्काला यातलं काही कळू नये म्हणून, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

दिवाळीनंतर तुम्ही मला क्वार्टरच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी नेलंत आणि इकडेतिकडे बघून जे बोललात, ते ऐकून मला आधी वाटलं होतं की तुम्ही मला घरातून घालवताय. (घालवलं असतंत तर आज दोघंही सुखी असतो.) कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला आलेला गोव्याचा फिटर शेजारच्या खोलीत राहायचा, त्याने तुम्हाला गिटारीवर पाचसहा गाणी शिकवली, तो गेला, पुढच्या हंगामात ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीच्या साखळीत तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली, आणि तरी ती गाणी डोक्यातून जात नाहीत, हे तुम्ही सांगितलंत. बोटांचं मला ठाऊक होतं. गाण्यांचं नव्हतं. सहा वर्षं तुमच्या घरी जेवतोय, तुम्ही कधी शीळसुद्धा घातली नाहीत. तुम्ही म्हणालात, बोटं आखूड झाली तरी संपली नाहीत, दांडी बारीक मिळाली तर जमेल. दुकानात स्वतः जायला चाळिशीतल्या काटाक्लार्कला लाज वाटते, आणि तू तर ऑर्केस्ट्रात होतास, तेव्हा नगरहून तूच घेऊन ये.

दाजी, आता ऑर्केस्ट्राचं सांगून टाकतो. मी पुण्याच्या ऑर्केस्ट्रात होतो हे खोटं नाही. पण माझं काम वायरी गुंडाळायचं आणि पेट्या टेम्पोत चढवायचं होतं. गिटारीला माझा हात लागायचा तो तिच्या पेटीला, तोही बाहेरून. एकदा बारामतीला खुळखुळेवाल्याचं पोट बिघडलं आणि मला तीन मिनिटं खुळखुळे हलवायला उभं केलं. त्या तीन मिनिटांवर मी तुमच्यासमोर तीन वर्षं बोललो. तुम्ही तर कधी विचारलंही नाहीत की कोणतं वाद्य, नुसती मान डोलवायचात. तुम्ही एकदा तरी विचारलं असतंत तर बरं झालं असतं (असं म्हणून मी दोष तुमच्यावर ढकलतोय हे मला दिसतंय, तेवढं वाक्य सोडून पुढे वाचा).

मग तुम्ही खिशातून साठवलेले पैसे काढून दिलेत, आणि एक कागद काढलात. गावाकडे म्हातारी माणसं बाजारला निघालेल्याच्या हाती चपलेसाठी पायाचं माप देतात, कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात, तसं तुम्ही हाताचं माप दिलंत. कॅलेंडरच्या पानामागे डावा पंजा, पाची बोटं फाकलेली. अर्ध्या बोटांच्या पुढे ठिपके देऊन आधीची बोटं काढली होतीत, आणि खाली तुमच्या काट्यावरच्या अक्षरात लिहिलं होतंत: 'पूर्वी ठिपक्यांपर्यंत. आता रेघेपर्यंत. रेघ धरावी.' मी तो कागद चार घड्या करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. त्या वेळी मी चांगला माणूस होतो.

नगरला कापडबाजारामागच्या बोळात ते वाद्यांचं दुकान आहे. मालक म्हातारे, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. भिंतीवर तीन गिटारी होत्या. मी खिशाला हात घातलाच होता, देवाशपथ घातला होता, पण कॉलेजच्या दोन मुली माउथऑर्गन बघत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर कागदाचा हात काढून गिटारीच्या मानेवर ठेवायचा, म्हणजे मी कोण दिसलो असतो? चपलेच्या दुकानात माप घेऊन आलेला खेडवळ. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, कोणासाठी हवी? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्यासाठीच.

दाजी, सगळं बिघडलं ते या एका शब्दाने. यापुढचं त्या बिचाऱ्या मास्तरांनी इतकं मनापासून केलं की मला आठवून मान वर करवत नाही. ते म्हणाले, रंग बघू नका, नाव वाचू नका, खाली बसा आणि डोळे मिटा. पहिली दिली ती काळी, चकचकीत. मांडीवर घेतली तर परक्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटलं, कोपर कुठे ठेवावं कळेना. तार छेडली तर आवाज मोठा, पण सगळा समोरच्याकडे जाणारा, आपल्याकडे काही ठेवत नव्हता. दुसरी दिली ती जुन्या गुळाच्या रंगाची, लहान चणीची, कोणीतरी वापरून विकायला ठेवलेली. तिच्या दांडीभोवती माझी लांबलचक बोटं वळून पलीकडून परत आली. मास्तर म्हणाले (हे ऐका, आणि बसून ऐका), ही तुमची नव्हे, ही लहान हाताची, नाहीतर ज्याची बोटं आखूड आहेत त्याची. दांडी बारीक, तारा खाली टेकलेल्या, जोर लागत नाही.

खिशातला कागद तेव्हा मला छातीला टोचत होता. घडीचा कोपरा असेल. मी गिटार परत दिली आणि म्हणालो, बरोबर आहे, माझी नव्हे.

तिसरी मांडीवर आली आणि मी तुम्हाला विसरलो. साफ विसरलो. थोराड पोटाची, रुंद दांडीची, वरून साधी, रंगसुद्धा धड नाही. मास्तरांनी एक सूर कसा धरायचा ते माझी बोटं उचलून उचलून दाखवलं, मी तारांवरून अंगठा ओढला, आणि तो आवाज कानात यायच्या आधी बरगडीत आला. तुम्ही मोळी उचलताना ती अंगाला लागली की वजन बरोबर कळतं म्हणता, तसं. तिला खाली ठेवायला हात तयार होईना. मास्तर म्हणाले, झालं, जी खाली ठेववत नाही ती आपली. मुलींनी वळून बघितलं. मीच घेतली असं म्हणणं बरोबर नाही, पण तिने मला घेतलं हे म्हणणंही चोरासारखंच होईल.

नगरच्या स्टँडवर तुमच्याकडे येणारी श्रीगोंद्याची गाडी लागलेली होती आणि सोलापूरचीही. मी सोलापूरच्या गाडीत बसलो. मनाशी म्हटलं, वाटेत मिरजगावला छगनकडे चार दिवस थांबू, थोडी वाजवून सैल करू (नवी चप्पल कोणीतरी आधी घालून देतो तशी), मग दाजींना नेऊन देऊ. कंडक्टरने विचारलं, यात कोन हाय? म्हटलं, कोणी नाही, पोकळ आहे. तर म्हणाला, मंग पोकळ वस्तू एवढी पोटाशी कशाला धरलीय? सगळी गाडी हसली. शेजारच्या बाईने तिच्या नातवाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, बघ, शाळा सोडली की असं व्हतं. मी सातवीपर्यंत शिकलोय हे सांगायची इच्छा झाली, पण त्या वेळी ते माझ्या बाजूचं वाटेना.

चार दिवसांचे तीन महिने झाले. मला तीन सूर येतात, म्हणजे महिन्याला एक. छगनच्या दुकानामागे कडूबाई राहते, चहा-भजी विकते, तोंडाची तिखट. आधी तिने विचारलं, ह्यो तुनतुन्याचा आजा कुठनं आनलास? पंधरा दिवसांनी म्हणाली, आरं लई दिस झालं त्येच त्येच कुथतंय, एकदा मोकळं तरी व्हऊ दे त्याला. मला राग आला नाही. शिवी ऐकली की जरा बरं वाटायचं, कारण तुमच्याकडून यायची ती राहिली होती.

मागच्या आठवड्यात दुपारी छगन चाकं आणायला गेला होता. मी शर्ट धुवायला काढला आणि वरच्या खिशात कागद निघाला. तीन महिन्यांत तो शर्ट मी धुतला नव्हता, हीसुद्धा कबुलीच समजा. दुकानात कोणी नव्हतं, मुली नव्हत्या, मास्तर नव्हते, तेव्हा मला कागद उघडायला लाज वाटली नाही; बघा, माझी लाजसुद्धा कशी वेळ साधून येते. मी तो पंजा दांडीवर गुंडाळला. ठिपक्यांची बोटं सगळ्या तारांवरून पलीकडे पोचली. रेघेची अर्ध्यात थांबली. मी कागद सरकवून बघितला, तिरका करून बघितला, बोटं थोडी फाकवल्यासारखी धरून बघितली. कागद किती ताणणार? मग मी माझी दोन बोटं मुडपून तो सूर धरायला गेलो. एकही तार नीट दबली नाही, नुसता खडखडाट झाला. कडूबाई तिकडून ओरडली, आज काय बिघडलं रं त्याला? म्हटलं, त्याला नाही, मला. तिने भज्यांची बशी आणून माझ्यासमोर ठेवली आणि पैसे मागितले नाहीत. त्या बाईने पैसे न मागणं म्हणजे काय ते तुम्हाला इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

तेव्हा दाजी, मी तुमच्या बोटांना मोजलंच नाही. साखळीने एकदा घेतली, आणि मी दुसऱ्यांदा. तुम्ही टाकीपाशी माझा खांदा दाबून म्हणाला होतात, तुला वाजवता येतं, तू बघ. आयुष्यात मला कोणी 'तू बघ' म्हटलेलं ते पहिलंच. मी बघितलं ते आरशात.

मास्तरांना कार्ड टाकून विचारलं. त्यांचं उत्तर आलं: गुळाच्या रंगाची अजून भिंतीवर आहे, बदलून देतो, पण ज्याच्यासाठी हवी त्याला खरं सांगून या. म्हणून हे पत्र. मी ती आणून देतो, दारात ठेवतो आणि जातो, चहासुद्धा मागणार नाही. शिव्या काट्यावरच्या माणसांसमोर दिल्यात तरी चालेल. आक्काला मात्र गाणं वाजवूनच कळू द्या, माझ्या तोंडून नको.

आपला, पण आपला म्हणवून घ्यायला लाजणारा,
जालिंदर

ता. क. वर लिहिलेलं सगळं मनापासून आहे. तरी एक विचारतो. ही मोठी गिटार बदलायला माझा हात उठत नाही. समजा, ही माझ्याजवळच राहिली, आणि तुम्ही एवढा हंगाम कसाबसा काढलात, पुढच्या दिवाळीपर्यंत मी कुठेतरी टिकून काम केलं आणि तुमची ती लहान घेऊन दिली, तर? नुसतं विचारतो आहे. होय म्हणालात तर एका ओळीचं कार्ड पुरे.

दुसरा ता. क. वरचा ता. क. वाचू नये. मी तो खोडणार होतो, पण कागद पातळ आहे, इकडे खोडलं की मागच्या बाजूची 'लाज' पुसते.

तिसरा ता. क. दाजी, घात झाला. आत्ता, पेन हातात असताना, दुकानासमोर गाडी थांबली आणि तुमच्या आई उतरल्या. पाथर्डीहून एकट्या, नगरला मास्तरांकडून माझा पत्ता काढून, दोन गाड्या बदलून, साळूबाई स्वतः! मला वाटलं गावाकडे काही वाईट झालं, तर आल्या आल्या म्हणाल्या, माझ्या राधूचं वाजवायचं कुठाय? संक्रांतीला तुम्ही गावी गेलात तेव्हा त्यांना सगळं सांगितलंत म्हणे, आणि हेही की रोज संध्याकाळी तुम्ही श्रीगोंद्याच्या गाडीला फाट्यावर जाऊन उभे राहता आणि आक्काला सांगता, पाय मोकळे करतो. हे मला ठाऊक नव्हतं, दाजी. ठाऊक असतं तर... पण असं लिहायला माझ्याकडे तोंड नाही.

त्यांनी पत्र वाचून दाखवायला लावलं. मी पहिला ता. क. गाळून वाचला, तर म्हणाल्या, मदी काय गिळलंस? वाचावा लागला. मग त्यांनी गिटार पदराने एकदा पुसली. मी म्हटलं, हा कागद फाडतो, आपण आत्ताच नगरला जाऊन बदलू आणि थेट श्रीगोंद्याला जाऊ. तर नको म्हणाल्या. फाडू नगंस, टपालाच्या पेटीत टाक. आदी कागद जाऊ दे, त्यो वाचून त्याचा जीव चिडू दे, चिडून निवू दे, मंग आपन जाऊ. आज मी हितंच ऱ्हाते. आता कडूबाईच्या चुलीपाशी बसल्या आहेत, आणि दोघी मिळून मला नावं ठेवतायत ती इथे स्पष्ट ऐकू येतात.