मी सांगतो म्हणजे सांगतो

३ फेब्रुवारी
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी पॅकिंगची मॅनेजर झाले! परवापर्यंत ज्या टेबलावर बाटल्या कागदात गुंडाळत होते, त्याच्याचसमोर आता माझी खुर्ची आहे. पण इतक्यात नाचू नकोस. आधीचे साहेब गर्जायचे आणि मी म्हणते, जरा बघता का. मालकांच्या मते गोड आवाजाने माणसं हलत नाहीत. महिनाअखेर बाटल्यांची फूट कमी झाली नाही, तर मी परत टेबलावर आणि खुर्चीत त्यांचे मेहुणे. मेहुण्यांना मिशी आहे, बाकी काही नाही. मला ही खुर्ची हवी आहे रे, फार हवी आहे. तुझा बसडेपो तुला चळाचळा कापतो म्हणे. मला शिकव ना.

वहिनीला नमस्कार. धाकटीवरचा लोभ वाढता ठेव.
चिमणी

९ फेब्रुवारी
चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी घरभर नाचली. मी मिशीतल्या मिशीत हसलो. आता ऐक. हात कमरेवर. हसायचं नाही. 'जरा' हा शब्द बंद. कोणी कारणं सांगू लागला की दणक्यात म्हणायचं, मी सांगतो म्हणजे सांगतो! मी आत शिरलो की माझे मेकॅनिक गाडीखालून बाहेरच येत नाहीत. दुपारचा डबासुद्धा मी एकटाच खातो, इतका दरारा. आरशासमोर सराव कर.

लोभ आहेच. तो दाखवायचा नसतो, हेही शिकून घे.
दादा

१ मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखतंय, अक्षर सांभाळून घे. तुझं वाक्य घोटून पाठ केलं, कमरेवर हात ठेवले आणि ओरडले, मी सांगतो म्हणजे सांगतो! सांगतो, दादा! तुझा 'तो' तसाच पाठ झाला होता. सगळे दचकले, बाटल्या खळ्ळकन फुटल्या. मग सगळ्यांत थोराड हमाल अदबीने म्हणाला, हो साहेब, मी ऐकते. झालं! दिवसभर पुरुषमंडळी 'आले, गेले' आणि बायका 'आलो, गेलो'.

त्या हशातच टेबलावरच्या मावशी बोलून गेल्या, की आधीचे साहेब ओरडले की बाटल्या अशाच हातातून सुटायच्या. पण ओरडणाऱ्याला हे सांगणार कोण? मी मुकाट्याने 'जरा'वर परत आले. तुझं शिक्षणही वाया गेलं नाही हं. मालक ट्रक घाईने भरायला सांगत होते, तेव्हा मी कमरेवर हात ठेवून, न हसता, नाही म्हणाले. फूट पार कमी झाली. मालकांनी खुर्ची कायम केली आणि निघताना गोंधळून म्हणाले, बरं, येते मी!

एक विचारू? डबा एकटा का खातोस रे?

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
चिमणी

६ मार्च
चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाब्बास, मॅनेजर! तुझं पत्र केबिनमध्ये वाचून एकटाच खदखदून हसलो. मला झटका आला की काय म्हणून हेडमेकॅनिक धावत आला. त्याच्यावर खेकसणार होतो, तर तोंडातून निघालं, काही नाही रे, दमले मी. दमले! चिमणे, 'दमलो' म्हणायला माझी जीभ कधीच रेटली नसती. तो हसला नाही. पाणी दिलं, मग स्वतःचा डबा घेऊन माझ्यासमोर बसला. मग गाड्यांखालून एकेक जण बाहेर आला. आज माझ्या टेबलावर डबे ठेवायला जागा नव्हती, शर्टावर आमटी सांडली आणि वहिनीची बोलणी खाल्ली.

लोभ आहे, फार आहे. बघ, दाखवते.
दादा