खिळ्याला टांगलेल्या रोटीबाबत

आदरणीय झुल्हुमोर ओपा यांना धाकटी बहीण मुकर्रम हिचा सलाम.

पत्र लिहायची पाळी आली ती तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या, माझ्या दातांच्या खुणा असलेल्या रोटीमुळे. ती तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवता आणि "मुकर्रम कायमची ताश्कंदला परत येतेय, हा बघा पुरावा" असं सांगता, हे मला इथे सीमेपलीकडे शिमकेंतमध्ये बसून कळलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तर पटत नाही, म्हणून लेखी कळवते. तुमचे गुडघे, रक्तदाब आणि अंगणातलं जर्दाळूचं झाड या सगळ्यांची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. आम्ही इथे खुशाल आहोत. जावई तोलकिन जरा कमी खुशाल आहे, कारण मी अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

एकुलत्या एक मुलीजवळ राहायचं तर या देशात कायम राहण्याचा परवाना हवा, म्हणून मी अर्ज केला होता हे तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही त्याला "बहिणीला सोडल्याचा कागद" म्हणता. मोटारीने जेमतेम एका दुपारचा रस्ता आहे, ओपा.) अर्ज फेटाळला गेला असता तर मला बोऱ्याबिस्तरा उचलावा लागला असता आणि नातवंडं फक्त फोटोत दिसली असती. परवाना कचेरीच्या खिडकीतल्या मुलीला मी सरळ विचारलं, की उत्तर येईपर्यंत सीमेपलीकडे जाऊन आलं तर चालेल का? ती म्हणाली, "जाऊ नका असं मी म्हणत नाही, मावशी. पण गेलात तर मला विचारलं होतं असं कुठे सांगू नका." आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, पण इतकं अस्थिर मिश्रण पाहिलं नव्हतं. शिवाय म्हातारी खरोखर त्या घरात राहते की नाही हे बघायला आमच्या भागाचा हवालदार कधीही येऊन टपकणार होता.

अशा वेळी तुमचा फोन आला, की तुम्ही आता जाणार. (तुम्ही मी कॉलेजात असल्यापासून जाताय, पण या वेळी आवाज खोल होता.) मी निघाले. टॅक्सीवाला भोंगा वाजवतोय आणि दुर्दोना हातात ताजी रोटी घेऊन दारात आडवी. "आई, एक चावा घे. उरलेली परत येऊन खायची, म्हणजे येशीलच." मी म्हटलं, माणूस पासपोर्टावर परत येतो, पिठावर नाही. ती म्हणाली, "पासपोर्ट तुझाच ठेव, चावा मला दे." दारात वाद नको म्हणून मी चावले. तिने दोरा ओवून रोटी खिळ्याला टांगली.

सीमेवरच्या शिपायाने कारण विचारलं. मी सांगितलं, बहीण अखेरच्या घटका मोजतेय. त्याने टोपी काढली आणि मला रांगेच्या पुढे घेतलं. ताश्कंदला पोचले तर अखेरच्या घटका मोजणारी बहीण शिडीवर चढून जर्दाळू मोजत होती! परतताना नेमका तोच शिपाई. "बहीण कशी आहे?" मी म्हटलं, मुरंबा घालतेय. या वेळी त्याने मला रांगेच्या अगदी शेवटी उभं केलं, आणि ते योग्यच होतं.

मी तिकडे असताना हवालदार इकडे आलाच. झंदोस त्याचं नाव, कझाक माणूस, सभ्य. दुर्दोना मुलांना घेऊन बाहेर गेलेली, घरात एकटा तोलकिन. सासूबाई कुठे आहेत? तोलकिन म्हणाला, आंघोळीला गेल्यात. (एवढ्या शिकलेल्या माणसाला याहून कोरडं खोटं सुचू नये!) झंदोस म्हणाला, थांबतो. चहाची एक किटली संपली, दुसरी संपली. पाहुण्यापुढे नुसता चहा ठेवायचा नाही एवढं संस्कारी भान जावयाला होतं, पण घरात दुसरी रोटी नव्हती. त्याने खिळ्यावरची काढली आणि चावलेली बाजू स्वतःकडे करून मांडली. झंदोसने ती हळूच फिरवली. माझ्या दातांची कमान समोर, मधल्या फटीसकट. त्याने पेला खाली ठेवला.

"आंघोळीला गेलेल्या बाईसाठी कुणी रोटी टांगत नाही, तोलकिन."

तोलकिन रडायच्या बेतात. झंदोसने एवढंच विचारलं, की यातली कुणी खाल्ली तर नाही ना? नाही म्हटल्यावर तो उठला, बूट घालता घालता म्हणाला, "मग परत टांग. माझ्या आजीने बापासाठी टांगली होती, तो लष्करातून आला. आणि सासूला आंघोळीतून लवकर बाहेर काढ." शेऱ्यात त्याने लिहिलं: अर्जदार कामानिमित्त बाहेर, परत येणार हे नक्की. मी परतल्यावर तो पुन्हा आला आणि म्हणाला, मावशी, आता माझ्यासमोर संपवा. रोटीची एव्हाना वीट झाली होती. चहात बुडवून बुडवून मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. (डावीकडची दाढ त्यात कामी आली.) तो समाधानाने हसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडे काही चावून तर नाही ना आलात?"

ओपा, मी आयुष्यात खोटं बोललेले नाही. मी त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

कारण मी तिकडून निघताना तुम्हीही दार अडवून तेच केलंत, आणि टॅक्सी तिकडेही भोंगा वाजवत होती. परवाना परवा हातात पडला. मी आता रीतसर इथली. तेव्हा ती रोटी खिळ्यावरून उतरवा, चुरा करून चिमण्यांना घाला, आणि मुकर्रम येतेय ही दवंडी बंद करा. एका बाईची दोन देशांत दोन घरी वाट बघणं शिस्तीला धरून नाही.

तुमची आज्ञाधारक बहीण,
मुकर्रम

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद दुर्दोनाला वाचून दाखवायचा होता. तिला वाटतं, तुम्ही मला पळवून नेणार. रोटी उतरवू नका. फक्त चुलीपासून लांब टांगा, वाफेने बुरशी धरते. परवाना आला, आता जायला-यायला कुणाची परवानगी नको. पुढचे जर्दाळू पिकले की येते.

पुन्हा ता. क. खरं काम वेगळंच आहे. दुर्दोनाच्या लग्नाला तुम्ही इथे आला होतात, आणि घाईत काही न चावता तशाच गेलात. तेव्हापासून इकडे फिरकला नाहीत, आणि फोनवर मात्र सारखं "आता मी जाणार" चालू. चावलेली रोटी उष्टी टाकून कुणी कुठे जात नाही, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी स्वयंपाकघरात आमच्या खिळ्याशेजारी मी आणखी एक खिळा ठोकून घेतला आहे.

टॅक्सीवाला नुरिद्दीन याच्या हाती दिलं: गुडघ्यांचं मलम, तुमची मुरंब्याची बरणी, धुऊन, आणि फडक्यात गुंडाळलेली एक रोटी, अख्खी. चावा घेऊन त्याच्याच हाती परत पाठवणे. तो दारात थांबेल.