सलग अकरा तास लाईट

लातूर, शनिवार

तीर्थस्वरूप शिवप्पादाजी,

शिवमूर्तीचे वाकून शरणार्थ. तुमचा गुडघा आता सिग्नलच्या शिडीवर चढू देतो का? अक्काने भात सोडला असं ऐकलं (खरं वाटत नाही). इकडे आई बरी आहे. माझं मात्र काही खरं नाही.

दिवाळीत तुम्ही भरल्या पंगतीत विचारलं होतं, "पोरगा नेमकं करतो काय?" तेव्हा मी विषय शेवेकडे वळवला. आज सांगतो. कॉम्प्युटर सुरू झाला की आतला सगळा कारभार पाहणारी एक यंत्रणा असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आम्ही तसली एक बनवली आहे, नाव 'कोयंडा'. परक्याला आत शिरू द्यायचं नाही, हा तिचा एकमेव गुण (छपाई तिला अजून जमत नाही). ती फुकट आहे, आणि तिची ओळ न् ओळ कुणीही वाचावी अशी उघडी ठेवलेली आहे. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही पाचजणांनी ती सुरू केली. एक पुण्याला गेला, एक अमेरिकेला, आणि सगळ्यात हुशार होता तो मेव्हण्याच्या खताच्या दुकानात. उरलो मी आणि उदगीरच्या घड्याळवाल्या मकबूलचाचांची सालेहा. सहा वर्षं दोघंच ओढून राहिलो.

जगभरात तीनेकशे माणसं कोयंडा वापरतात आणि बहुतेक फक्त शिव्या द्यायला लिहितात. पण एक वकीलबाई आहे, देशाचं नाव ती सांगत नाही. तिच्या अशिलांची नावं सरकारच्या हाती लागली की ती माणसं पुन्हा दिसत नाहीत, म्हणून तिची सगळी कागदपत्रं कोयंड्याच्या आत. वर्षातून एकदा तिचे दोन शब्द येतात, "चालू ठेवा." त्यावर आम्ही वर्ष काढतो.

मंगळवारी सालेहाचा फोन आला. "बसलास का?"

"हाव."

"तीन वर्षांपूर्वी पासवर्ड तपासायचा भाग तूच लिहिला होतास. लई लांब पासवर्ड दिला की तो गोंधळतो आणि दार उघडतो. कुणालाही."

दाजी, मी बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसलो. तीन वर्षं मी जगाला कुलूप म्हणून भोक वाटत होतो.

दुरुस्ती एका ओळीची. पण त्यानंतर सगळी यंत्रणा आमच्या मशीनवर नव्यानं बांधून लोकांना पाठवावी लागते, आणि त्याला लागतात सलग अकरा तास. मध्येच लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. लातुरात लाईट सलग चार तास राहिली तर लोक शेजाऱ्यांना फोन करून सांगतात.

मशीन होतं संगप्पा सरांच्या कोचिंग क्लासमध्ये, जिन्याखाली. (आमच्या गल्लीत आता पाच क्लास आहेत. पिठाच्या गिरणीतसुद्धा बायोलॉजीची बॅच चालते, पोरं पांढरी होऊन घरी जातात.) सरांकडे जनरेटर. त्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळायचे, बदल्यात जिन्याखालचा कोपरा माझा. अकरा तास जनरेटर मागायला गेलो आणि मूर्खासारखं कारणही सांगून बसलो. सरांनी उठून दार लावलं.

"म्हणजे नरसिंग सरांच्या क्लासात पण हेच भोक हाय?"

"हाय." (गल्लीतल्याच त्या दुसऱ्या क्लासातही कोयंडा मीच बसवला होता. त्यांचे पेपर त्यातच असतात.)

"मग आठ दिवस गप बस. रविवारी त्यांची सराव परीक्षा हाय. तेवढा पेपर काढून दे. जनरेटर काय, तुला खोली देतो, पगार देतो."

मी ताडकन नाही म्हणालो असं लिहायचं होतं. पण तुमच्याशी खोटं कशाला? खोलीला खिडकी आहे का, हे मी विचारलं. आहे म्हणाले. मग मला ती वकीलबाई आठवली. आठ दिवस तिचं दार उघडं, आणि हे ठाऊक असूनही मी खिडकीत बसलेलो. तेव्हा नाही म्हणालो. सर ओरडले नाहीत. मी पायऱ्या उतरेपर्यंत मशीनही पायऱ्यांवर आलं होतं.

घरी आणून सुरू केलं. भूकंपापासून आईला जमिनीतून आल्यासारखी घरघर सोसत नाही, हे मी विसरलो होतो. ती अंगणात जाऊन उभी राहिली. "तू तुझं काम कर, मी हितंच बरी हाय," म्हणाली. भर उन्हात. मी मशीन बंद केलं. (पाच मिनिटांत लाईटही गेली.)

सालेहाला लिहिलं, आता कोयंडा बंद करू. तिचं उत्तर आलं, "बंद करायचाच तर आधी दुरुस्त करू, मग बंद करू." मी मशीन खोक्यात भरलं.

अक्काला नमस्कार. लोभ पूर्वीइतकाच राहो, वाढवायचं धाडस मी करत नाही.

तुमचा
शिवमूर्ती

ता. क. रेल्वे क्वार्टरची लाईट वर्षात एकदाही गेली नाही, असं तुम्ही त्याच पंगतीत म्हणाला होता. मला फक्त अकरा तास पाहिजेत.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्या मुलीनं तुमच्या हातात दिलं ती सालेहा, आणि तिच्या पायाशी खोका आहे ते मशीन. तेव्हा विचार करून कळवण्याची तसदी घेऊ नये. तिला चहा द्या. चूक कुणाची, हे ती जगाला कळवणार आहे. मी म्हटलं, "आपल्या चमूची" असं लिही. ती म्हणाली, चमूत दोघंच, त्यातल्या एकीनं ती शोधली.

ता. क. तिसरा. बुधवारी मी नरसिंग सरांना सावध करून आलो होतो. त्यांनी हात जोडून आभार मानले, आणि संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस कॉम्प्युटरांवरून कोयंडा काढून टाकला. "ज्या कुलपाचा कारागीरच येऊन भोक दाखवतो, ते कुलूप कोण ठेवल?" म्हणाले. बाजारातून कुणाची तरी चोरीची सिस्टीम आणून बसवली, तिच्यातलं भोक दाखवायला कोणी आलं नाही. आज दुपारी संगप्पा सरांच्या क्लासवरून आलो. आत फळ्यावर नरसिंग सरांचा उद्याचा पेपर सोडवणं चालू होतं.