अर्थिंगची हिरवी तार

मार्गासनी, १४ एप्रिल २०२५

चि. सौ. शेफालीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या विजेच्या गाडीचे पेढे पोचले. फोन न करता पत्र लिहिते, कारण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि आई कान लावून शेजारी बसलेली असते. मग मनातलं काही बोलताच येत नाही.

सरळ सांगते, मला तुझा हेवा वाटतो. आमच्या जीपमधल्या डिझेलच्या वासानं आईला नसरापूर सोडलं की उलट्या होतात, म्हणून दोन वर्षं तिनं माझं घर पाहिलं नाही. तुझ्या गाडीला ना वास ना धूर. तिला कधी भोंगवलीला मामाकडं, कधी भोरच्या बाजारात मिरवून आणतेस. परवा फोनवर सांगत होती की शेफीची गाडी चालू झाली तरी कळत न्हाई, लई बरं वाटतं. मी कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

तिला एकदा माझ्याकडं आण आणि चार दिवस ठेव. तुझ्याजवळ ती बारा महिने आहे.

लोभ आहेच. सध्या माझ्याकडून थोडा कमी पडला तर सांभाळून घे.

तुझी ताई,
रत्ना

कामथडी, २० एप्रिल २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग थोडी रागावलेही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दहाच दिवस झालेत, हे तू विसरलीस. शनिवारी पुण्याला डोळा दाखवायचा आहे, तिथून परस्पर तुझ्याकडं येऊ. मुक्काम मात्र नको. दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घालायचे असतात आणि तू दिवसभर शेतात. ते तुला जमायचं नाही.

गाडीचं म्हणशील तर दुरून दिसतं तेवढं सोपं नाही. रात्री लावली की तासाला दहा टक्के भरते, आणि रात्री वीज गेली की सकाळी सगळा बेत फिसकटतो. चढावर चार्जिंग भराभर उतरतं, उतारावर थोडं परत मिळतं. हायवेच्या हॉटेलातला चार्जर निम्म्या वेळा बंद. म्हणून तुझ्या पडवीत पिठाच्या गिरणीचा जो मोठा प्लग आहे, तो दाजींना तपासून ठेवायला सांग. अर्थिंग नीट पाहिजे. ते नसलं तर चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागतो आणि गाडी करंट घेतच नाही. मग रात्रभर बसा तिच्याकडं बघत.

राग धरू नकोस. तुझ्या रागाला मी अजूनही भिते.

तुझी धाकटी,
शेफाली

मार्गासनी, २ मे २०२५

चि. सौ. शेफालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी तुम्ही आलात तेव्हा गाडीत सतराच टक्के उरले होते. आदल्या रात्री कामथडीची वीज गेली होती आणि हॉटेलातला चार्जर बंद होता. तुझे अमृतराव म्हणाले की दोन तास लावू आणि जेवून निघू. तू आईची पिशवी गाडीतून खालीसुद्धा घेतली नव्हतीस. ते पाहून मी ठरवलं, आज आईला जाऊ द्यायचं नाही. पडवीतल्या खाटेवर आईचा डोळा लागलाय असं मला वाटलं. तुम्ही दोघं हातपाय धुवायला मागं गेलात तेवढ्यात मी मेन स्विच पाडला, पाना घेतला, अर्थिंगच्या खड्ड्याजवळचा नट काढला आणि हिरवी तार बाजूला करून स्विच पुन्हा चढवला. युक्ती तुझ्याच पत्रातली.

लाल दिवा लागला. अमृतराव प्लग काढून-घालून दमले. आमच्या ह्यांनी अर्थिंग सुधारेल म्हणून बादलीभर पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं, ते बघताना मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. सकाळी तुम्ही दोघं एसटीनं गेलात आणि धुळीत, गर्दीत आईचा डोळा नको म्हणून गाडीबरोबर तिलाही ठेवून गेलात. मंगळवारी रियाज वायरमनला घेऊन आलात, तोवर ती तीन रात्री माझ्याजवळ झोपली. थेंब मी मोबाईलवर गजर लावून सहाच्या सहा वेळा घातले. एकही चुकला नाही, हे तुला मुद्दाम कळवते.

रियाजनं नवा नट बसवला. जुना माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. तुला काय बोलायचं ते बोल, पण आईला कळू देऊ नकोस. तिच्या नजरेतून उतरायची माझी तयारी नाही.

उरली असली तर माया ठेव.

तुझी ताई,
रत्ना

कामथडी, ९ मे २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस धुसफुसत होते. एसटीत उभ्यानं गेलेलं आठवत होतं. काल न राहवून आईला म्हटलं की रत्नाताईकडची तार आपोआप सुटली नव्हती. ती म्हणाली, मला ठाऊक हाय. पडवीतल्या खाटेवरून तिनं सगळं पाहिलं होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पाना आणि तुझा हात लख्ख दिसला आणि ती मुकाट पडून राहिली.

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस. तर म्हणाली की बोलले असते तर तुमी मला त्याच राती परत आणलं असतं.

ताई, इथं तिला सगळं वेळेवर मिळतं आणि तरी तिचं मन तुझ्याकडं ओढ घेतं. आता तू हेव्याचं नाव काढू नकोस, त्याचा मान माझा आहे. गुरुवारी गाडी शंभर टक्के भरून आणीन. तुझ्या प्लगला हात लावणार नाही. आईला उतरवीन आणि परत फिरेन. न्यायला कधी यायचं ते तिला विचारून तूच कळव.

माझ्या वाटची माया आईच्या हाती पाठवते, ठेवून घे.

तुझी,
शेफाली

ता. क. आईनं पिशवी आजच भरून दाराशी ठेवली आहे. गुरुवारला अजून सहा दिवस आहेत.