रेकाच्या डावीकडून

४ मार्च, मंगळवार

रेका आमच्या गावात राहायला आलीय! नदीपलीकडच्या फुटबॉल संघाची रेका — अख्खी कारकीर्द मी जिच्या पाठीला चिकटून धावले, ती. आज गरम पाण्याच्या कुंडात पाय टाकते तो समोर हीच, गळ्यापर्यंत बुडालेली. सगळ्या म्हाताऱ्यांसमोर ओरडली, "आलं बघा माझं शेपूट! इथे तरी सोड ना!"

शाळेत खेळाची बाई म्हणून लागलीय. कंबर धरते, म्हणून डॉक्टरांनी कुंड लिहून दिलंय. मला गुडघ्यासाठी. पायऱ्या उतरताना तो नेहमीसारखा कटकट वाजला. लायोशकाका पाण्यात बसून बुद्धिबळ खेळत होते. मान वर न करता म्हणाले, "एमेशे, तेल घाल गं त्याला." दहा वर्षं झाली वाजतोय. आई म्हणते, तू जिन्यात असतानाच मी दार उघडायला उठते.

तास गेला गप्पांत. इतकी वर्षं आम्ही एकमेकींशी शिव्यांशिवाय काही बोललोच नव्हतो!

७ मार्च, शुक्रवार

क्लबचा फोन. जूनमध्ये माझ्या निरोपाचा सामना करायचाय. मैदानाकडेला मोठ्या कढईत मटणाचा गुलाश रस्सा, बँड, सगळं. मी पहिली दहा मिनिटं खेळायचं. "समोर कोण हवं?" मी म्हटलं, रेका. विचारही केला नाही.

कारण साधं आहे. मी तिच्यावर पहाऱ्याला असताना रेकानं कधी गोल केलेला नाही. एकदाही नाही. फुशारकी नाही, गावात कुणालाही विचारा. माझी ही शेवटची दहा मिनिटंही तशीच जायला हवीत, मग बूट कायमचे खुंटीला.

बचाव करणारीचं काय लक्षात राहतं लोकांच्या? माझ्या नावावर गोल एक, तोही कपाळाला आपटून गेलेला. पण क्लबच्या कँटीनमध्ये बिअरच्या नळाच्या वर एक फोटो आहे. दोन वर्षांपूर्वीचा, मोसमातला शेवटचा सामना — हरेल तो संघ खालच्या गटात. रेका एकटी सुटलेली, समोर फक्त आमची गोलरक्षक. मी डावीकडून आले, आडवी पडले आणि तिच्या पायातून बॉल काढला. तिला धक्काही लागला नाही. आम्ही टिकलो. मेले तरी चालेल असं वाटलं होतं त्या दिवशी.

१९ मार्च, बुधवार

कुंडाबाहेरच्या टपरीवर रेकासाठी लांगोश घेतला, तेलात तळलेली गरम जाड पोळी, वर लसूण. तिच्या शेजारी हात पुढे करून उभी मी, बोटं भाजतायत आणि बाईसाहेब ढुंकून बघत नाहीत! गर्विष्ठ कुठली. नंतर माझ्यातलाही अर्धा खाल्ला.

२ एप्रिल, बुधवार

आज पेटीतून जुने बूट काढले. पहिले मुलांच्या संघानं टाकून दिलेले होते, दोन मापं मोठे. पुढे कागद कोंबून धावायचे. बाबा म्हणाले होते, "पोरगी पाय मोडून घेणार." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच तळव्याला नवे खिळे ठोकून दिले.

काय काय मिळालं मला! कपडे आपापल्या घरी धुवायचे, बस मध्येच बंद पडली की उतरून ढकलायची, हरलो की सगळ्या मिळून रडायचं आणि मग कुणाच्या तरी आईनं केलेला माशाचा रस्सा ओरपायचा. पैसे कधी मिळालेच नाहीत, सकाळी बेकरीत काम होतंच. पण रविवारी अंगात चार नंबरचा शर्ट घातला की मी कुणीतरी असायचे. पुन्हा जन्माला घातलं तर हेच मागीन, याच गुडघ्यासकट.

१६ एप्रिल, बुधवार

आज कळलं.

रेका लायोशकाकांशी बुद्धिबळ खेळत होती. काकांनी तिचा हत्ती उचलला आणि चिडले, "डावीकडचा हत्ती रोज असा उघड्यावर टाकतेस, पोरी! मला दया यायला लागली आता." ती हसली. मी नाही हसले. लांगोश आठवला. तेव्हा मीही तिच्या डावीकडेच उभी होते.

कपडे बदलायच्या खोलीत विचारलं. टॉवेलनं केस पुसता पुसता तिनं सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी सरावात तोंडावर बॉल बसला. डावा डोळा गेला. पूर्ण. कुणाला बोलली नाही, नाहीतर त्याच दिवशी खेळ बंद. "दोन मोसम तशीच खेळले. एका डोळ्यानं बॉल दिसतो, बाकी काय लागतं?"

"म्हणजे तो शेवटचा सामना..."

"हं," म्हणाली आणि वाकून मोजे घालायला लागली.

१७ एप्रिल, गुरुवार

बेकरीतून सरळ कँटीनमध्ये गेले. फोटो नीट बघितला. तिचं तोंड उजवीकडे, बॉलही उजवीकडे, मी डावीकडून मागून. तिच्या नजरेत मी कुठेच नाही. आंधळीच्या पायातून बॉल काढला आणि गावानं चौकट करून टांगला!

चिडले तिच्यावर. सांगायचं होतंस की! मग स्वतःवरच चिडले. फोटो उतरवावासा वाटला, पण कँटीनवाली म्हणाली, "हात लावशील तर बघ!"

२४ एप्रिल, गुरुवार

आठवडाभर धुमसले. आज पीठ मळताना एकदम मनात आलं — तिला ठाऊक होतं मी नेहमी डावीकडून येते. तिकडचं काही दिसत नाही हेही ठाऊक होतं. पाय मोडला असता. तरी बाई सुसाट धावत माझ्याकडेच यायची. समोर अशी कुणी मिळाली म्हणून मी चांगली खेळले. दुसरी कुणी असती तर मी आळशी झाले असते.

तिचे उपकारच आहेत माझ्यावर. आता जूनमध्ये काय करायचं ते ठरवलंय. कुणाला सांगणार नाही.

७ जून, शनिवार

अख्खं गाव आलं होतं. कढईखालचा धूर सरळ मैदानात. आई पहिल्या बाकावर, रुमाल आधीच बाहेर काढून. गुडघा घट्ट बांधला आणि उतरले.

आठ मिनिटं रेकाला बॉलच मिळू दिला नाही. मग ती सुटली. अगदी फोटोतल्यासारखी! आणि सगळे ओरडायला लागले, "डावीकडून, एमेशे! डावीकडून!"

मी वळसा घालून उजवीकडून गेले. तिनं मला बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला येताना बघितलं! भुवई उडवली, बॉल माझ्या पायांमधून काढला आणि जाळ्यात मारला.

लायोशकाकांनी टोपी जमिनीवर आपटली. "म्हातारी झालीस गं!" मी रेकाला मिठी मारली. ती नुसती रोखून बघत राहिली. गुलाश तिखट झाला होता, दोनदा घेतला. गेला माझा विक्रम, आणि मला मुळीच वाईट वाटत नाही. खोटं कशाला, थोडं वाटतं.

११ जून, बुधवार

कुंडात रेका पाण्याचा सपकारा मारून म्हणाली, "उजवीकडून का आलीस, गाढवे?"

"तुला दिसावं म्हणून."

इतकी हसली की नाकात पाणी गेलं. "अगं शेपटे, दिसायला कशाला हवंय! तू डावीकडून आलीस की तुझ्याआधी तुझा गुडघा येतो. कटकट कटकट!"

मी पाण्यात तशीच उभी. "त्या शेवटच्या सामन्यातही ऐकू आला?"

"आला की. म्हणून तर बॉल उजवीकडे वळवला."

"मग?"

"मग काय," रेका म्हणाली, "तरी काढलास."